फाईल आणि शयनगृह : ‘जे. एडगर’च्या निमित्ताने

१

जे. एडगर हूव्हर १९२४ साली अमेरिकेच्या न्यायखात्यातील अन्वेषण विभागाचा प्रमुख झाला आणि २ मे १९७२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या पदावरून हलला नाही. या अठ्ठेचाळीस वर्षांत कूलिजपासून निक्सनपर्यंत आठ राष्ट्राध्यक्ष झाले. १९३५ पासून ‘एफ. बी. आय.’ या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा गुन्हेगार पकडण्यासाठी प्रसिद्धी पावली. परंतु अमेरिकन सार्वजनिक जीवनावर तिचा खोल परिणाम झाला तो नागरिकांविषयीची माहिती गोळा करून, साठवून आणि वेळ पडेल तेव्हा वापरून. अशा माणसावर चरित्रपट काढणे म्हणजे केवळ एक आयुष्य सांगणे नव्हे. निवडून न आलेली सत्ता लोकशाहीच्या पोटात कशी साचते, कशी टिकते आणि स्वतःची कथा कशी रचते, याचा शोध त्यात अनुस्यूत असतो. क्लिंट ईस्टवुड यांनी दिग्दर्शित केलेला आणि डस्टिन लान्स ब्लॅक यांनी लिहिलेला ‘जे. एडगर’ (२०११) हा चित्रपट या शोधाला सामोरे जाण्याचा आव आणतो आणि ऐन मोक्याच्या जागी पाठ फिरवतो. एवढेच असते तर एक फसलेला चरित्रपट म्हणून त्याची नोंद करून थांबता आले असते. परंतु ही पाठ फिरवणे निवेदनतंत्राच्या ज्या कौशल्याने झाकले गेले आहे, त्याच कौशल्याची समीक्षकांकडून आणि अभ्यासवर्गांतून वाखाणणी होते. म्हणून प्रश्न एका चित्रपटापुरता उरत नाही. तो समीक्षेच्या एका लाडक्या संकल्पनेचाही होतो.

ती संकल्पना ‘अविश्वसनीय निवेदका’ची. चित्रपटाच्या चौकटीत वृद्ध हूव्हर आपल्या तरुण सहाय्यकांना ब्यूरोचा इतिहास सांगत असतो आणि ते तो टंकलिखित करीत असतात. १९१९ चे बॉम्बस्फोट, पामर यांच्या धाडी, एमा गोल्डमनची हद्दपारी, १९३२ चे लिंडबर्ग अपहरण, दरोडेखोरांविरुद्धची मोहीम हे सारे या तोंडी मजकुरातून पडद्यावर येते. अखेरीस क्लाइड टॉल्सन हे हस्तलिखित वाचून हूव्हरला सुनावतो की यातले कितीतरी पराक्रम तुझे नव्हेतच. मघाशी पाहिलेले प्रसंग वेगळ्या रूपात पुन्हा दाखवले जातात आणि सरकारी दंतकथेचा फुगा फुटतो. तेव्हा हूव्हरची स्वतःविषयीची कथा खोटी होती हे चित्रपटानेच उघड केले असता त्याच्यावर हूव्हरचे उदात्तीकरण केल्याचा आरोप कसा करता येईल, असा बचावकर्त्यांचा सवाल असतो.

सवाल वरकरणी बिनतोड आहे. परंतु वेन बूथ यांनी १९६१ साली ही संकल्पना मांडली तेव्हा तिच्यात एक दुसरी बाजू होती, तिचा येथे सोयीस्कर विसर पडतो. निवेदक अविश्वसनीय ठरतो तो अध्याहृत लेखकाच्या मूल्यभानाशी त्याची फारकत झाल्यामुळे. म्हणजे निवेदकाच्या पाठीमागे लेखक आणि वाचक यांच्यात एक गुप्त समझोता झालेला असतो. तेव्हा निवेदक खोटे बोलतो हे सिद्ध झाल्याने समीक्षेचे काम संपत नाही. निवेदकाच्या पाठीमागे वाचकाच्या हातात कोणते ‘खरे’ ठेवले गेले, हा प्रश्न तिथून सुरू होतो. ‘जे. एडगर’ प्रेक्षकाच्या हातात काय ठेवतो?

२

चित्रपटाचे निवेदन एकसंध नाही, ते तीन थरांचे आहे. पहिला थर हूव्हरने सांगितलेल्या मजकुराचा. तो सार्वजनिक घटनांचा आहे आणि मुख्यतः १९१९ ते १९३६ या काळापुरता आहे. दुसरा थर चौकटीचा, म्हणजे साठोत्तर काळाचा. केनेडी बंधू, मार्टिन लूथर किंग आणि निक्सन येतात ते या थरात. हे प्रसंग हूव्हर कोणाला सांगत नाही. चित्रपट ते स्वतःच्या अधिकारात दाखवतो. तिसरा थर खाजगी आयुष्याचा. आईची करडी माया, हेलन गँडीला घातलेली मागणी, टॉल्सनशी झालेले भांडण आणि चुंबन, आईच्या मृत्यूनंतर तिचे कपडे अंगावर चढवणारा हूव्हर हे सगळे त्यात येते. हे प्रसंग हूव्हर आपल्या टंकलेखकांना सांगेल ही गोष्ट कल्पनेबाहेरची आहे. त्यांचाही निवेदक चित्रपट स्वतःच आहे.

हे तीन थर वेगळे केले की अविश्वसनीय निवेदकाचे कवच किती तोकडे आहे ते दिसते. टॉल्सनचा प्रतिवाद पहिल्या थरापुरताच आहे. १९३६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये अल्विन कार्पिसला हूव्हरने स्वतः अटक केली की सहकाऱ्यांनी त्याला पकडल्यावर हूव्हर पुढे आला, अशा धर्तीचे प्रश्न तो उपस्थित करतो. या खोट्याची पुढे कार्पिसनेही जाहीर वाच्यता केली. त्यात इतिहासाच्या दृष्टीने नवे काही नाही आणि सत्तेच्या दृष्टीने जड काही नाही. बढाईखोरी हा हूव्हरच्या अपराधांतील सर्वांत निरुपद्रवी अपराध. चित्रपट आपले सारे निवेदनकौशल्य नेमके त्याच्याच उच्चाटनासाठी खर्च करतो, आणि जिथे माणसांची आयुष्ये पणाला लागली होती तिथे साध्या, बिनशंक, सर्वज्ञ निवेदनाचा आश्रय घेतो.

याचा पुरावा म्हणून किंगला पाठवलेल्या पत्राचा प्रसंग तपासावा. चित्रपटात हूव्हर किंगला धमकीचे पत्र लिहितो: नोबेल पारितोषिक नाकार, नाहीतर तुझे विवाहबाह्य संबंध उघड होतील. किंग धमकीला भीक घालत नाही, पारितोषिक स्वीकारतो, आणि दूरचित्रवाणीवर ते पाहणारा हूव्हर पराभूत होतो. नाट्य म्हणून हे नेटके आहे. इतिहास म्हणून ते तीन ठिकाणी मोडते, आणि तिन्ही मोडतोडी एकाच दिशेच्या आहेत.

पहिली गोष्ट, पत्राच्या आशयाची. नोव्हेंबर १९६४ मध्ये हूव्हरने पत्रकारांसमोर किंगला देशातला सर्वांत कुप्रसिद्ध खोटारडा म्हटले. त्यानंतर काही दिवसांतच ध्वनिफितीसह हे निनावी पत्र रवाना झाले. त्यात पारितोषिक परत करण्याची मागणी नाही. तुझ्यापुढे आता एकच मार्ग उरला आहे अशी गर्भित सूचना आणि त्यासाठी चौतीस दिवसांची मुदत त्यात आहे. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ आत्महत्येची चिथावणी असाच लावला. बेव्हर्ली गेज या इतिहासकार विदुषीला मिळालेली या पत्राची अखंड प्रत २०१४ साली प्रसिद्ध झाली. चित्रपट त्याआधीचा आहे हे खरे. परंतु पत्राचे अस्तित्व, त्यातील मुदत आणि त्याचा मथितार्थ सिनेटच्या चर्च समितीने १९७५-७६ मध्येच जगापुढे ठेवला होता. राज्ययंत्रणेने एका नागरिकाला मरणाची दिशा दाखवणे आणि एका चिडक्या वृद्धाने प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यातला हार हिसकावू पाहणे यांत गुणात्मक अंतर आहे. चित्रपट पहिल्याच्या जागी दुसरे ठेवतो.

दुसरी गोष्ट, कालक्रमाची. किंग यांनी १० डिसेंबर १९६४ रोजी ऑस्लो येथे पारितोषिक स्वीकारले. ते पुडके त्यांच्या संस्थेच्या कार्यालयात न उघडता पडून राहिले होते. कोरेटा किंग यांनी ते उघडले जानेवारी १९६५ मध्ये. म्हणजे जी धमकी झुगारून किंग पारितोषिक घेतात असे चित्रपट सांगतो, ती धमकी तोवर त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. कार्यकारणाची ही साखळी चित्रपटाने घडवलेली आहे.

तिसरी गोष्ट, कर्तृत्वाची. हे पत्र सामान्यतः हूव्हरचा वरिष्ठ सहकारी विल्यम सलिव्हन याच्याकडे लावले जाते. त्यामागे एक विभाग होता, ध्वनिमुद्रणाची व्यवस्था होती, टिपणांची देवाणघेवाण होती, आणि मुळात टेलिफोनवरील पाळतीला ऑक्टोबर १९६३ मध्ये महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांची रीतसर मंजुरी होती. चित्रपटात हे सारे गळून जाते. उरतो एकटा हूव्हर, त्याचा द्वेष आणि त्याचे पत्र.

या तिन्ही बदलांचा दोष हूव्हरच्या खोटेपणावर ढकलता येत नाही, कारण येथे हूव्हर निवेदक नाहीच. अविश्वसनीय आहे तो चित्रपट. आणि त्याचा कल सारखा एकीकडे आहे: संस्थेकडून व्यक्तीकडे, हिंसेकडून मत्सराकडे.

३

आता तिसऱ्या थराकडे वळले पाहिजे, कारण चित्रपटाचे खरे काळीज तिथे आहे. हूव्हर आणि टॉल्सन यांच्याविषयी ठामपणे सांगता येते ते असे: दोघे अविवाहित राहिले, दररोज एकत्र जेवत, सुट्ट्या एकत्र घालवीत, हूव्हरची बहुतेक मालमत्ता टॉल्सनला गेली आणि दोघांची थडगी एकाच दफनभूमीत आहेत. या संबंधाचे अंतरंग काय होते याविषयी निर्णायक पुरावा नाही. स्त्रीवेषाची गोष्ट १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चरित्रातून पसरली. ती एका साक्षीदाराच्या सांगण्यावर उभी होती आणि इतिहासकारांनी बहुतांशी तिला थारा दिला नाही. चित्रपट त्या गोष्टीला कुचेष्टेतून बाहेर काढून शोकाचे रूप देतो, ही त्याची संवेदनशीलता मान्य केली पाहिजे. लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि आर्मी हॅमर यांच्या प्रसंगांत खरी वेदना आहे, हेही नाकारण्याचे कारण नाही.

परंतु निवेदनाच्या पातळीवर येथे काय घडते? ज्या गोष्टींविषयी भरपूर कागदपत्रे आहेत त्या चित्रपट संशयाच्या छायेत ठेवतो. ज्यांविषयी कागद जवळजवळ नाहीत त्या तो पूर्ण खात्रीने दाखवतो. पुरावा जितका क्षीण तितका निवेदकाचा स्वर ठाम, असे हे उलटे प्रमाण आहे. त्यातून प्रेक्षकाशी होणारा गुप्त समझोता असा: हूव्हरचे सार्वजनिक जीवन हे सोंग, आणि त्याचे सत्य शयनगृहात. आईने ज्या प्रेमाची लाज वाटायला शिकवले ते प्रेम दाबले गेले. दाबलेले प्रेम नियंत्रणाच्या हव्यासात फुटून निघाले. त्या हव्यासाचे नाव एफ. बी. आय.

मिशेल फूको यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दाखवून दिले की आधुनिक पाश्चात्त्य समाजाने लैंगिकतेला केवळ दडपले नाही, तर माणसाचे अंतिम सत्य जिथे दडले आहे असे गुपित म्हणून तिला बोलते केले. वैद्य, न्यायाधीश आणि पोलीस हे सगळे त्या कबुलीचे श्रोते. हूव्हरची फाईल ही या व्यवहाराची विसाव्या शतकातील सर्वांत कार्यक्षम शाखा होती. माणसाची सार्वजनिक भूमिका काय आहे याला फाईलमध्ये दुय्यम महत्त्व. तो कोणाबरोबर, कोठे, कोणत्या हॉटेलात होता, ही खरी नोंद. किंग यांची चळवळ, एलिनॉर रूझवेल्टची मते, राष्ट्राध्यक्षाचे धोरण या सर्वांची गुरुकिल्ली त्यांच्या खाजगीपणात आहे, हे त्या फाईलचे गृहीत. आणि ‘जे. एडगर’चे गृहीतही नेमके तेच. हूव्हरची सत्ता समजून घ्यायची तर त्याच्या दाराला कान लावा, असे चित्रपट सांगतो. हूव्हरने इतरांविषयी जी ज्ञानपद्धती वापरली तीच चित्रपट हूव्हरविषयी वापरतो. फरक एवढाच की फाईल धमकी देते आणि चित्रपट कणव करतो. कणवेने पद्धत बदलत नाही.

या सहानुभूतीची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. १९५१ साली हूव्हरने समलिंगी नागरिकांविषयीची माहिती सरकारी खात्यांना पुरवण्याचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू केला. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या आदेशाने ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचे अधिकृत कारण झाले आणि या माहितीला धार आली. नोकऱ्या गेल्या, घरे मोडली, काहींनी जीव दिला. या कार्यक्रमाची तीन लाखांहून अधिक पाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्यूरोने नष्ट केली. खुद्द हूव्हरविषयी अशी कुजबूज करणाऱ्यांच्या दारी ब्यूरोची माणसे जाऊन जाब विचारीत, हेही आज कागदोपत्री ज्ञात आहे. समलिंगी प्रेमाची घुसमट हा ज्या चित्रपटाचा गाभा आहे, त्यात या उद्ध्वस्त माणसांपैकी एकालाही चेहरा मिळू नये, हा योगायोग नव्हे. तो चेहरा आला असता तर हूव्हरचे दुःख आणि त्याची सत्ता यांना कार्यकारणाच्या गोड नात्यात बांधणे अशक्य झाले असते. त्याच प्रकारचे दुःख भोगणाऱ्या हजारो माणसांनी कोणावर पाळत ठेवली नव्हती. म्हणजे दडपलेले प्रेम हे पाळतीचे कारण असूच शकत नाही. त्याच्या हाती कार्यालय होते, अंदाजपत्रक होते, कायद्याची ढिलाई होती आणि राष्ट्राध्यक्षांची मागणी होती. कारण शोधायचे ते तिथे.

४

येथे एक आक्षेप येईल: चित्रपटात संस्था आहेच की. आहे, आणि ती ज्या प्रसंगात सर्वांत तेजस्वीपणे येते तो प्रसंगच तिची विल्हेवाट कशी लावली जाते हे सांगतो. तरुण हूव्हर गँडीला काँग्रेसच्या ग्रंथालयात नेतो, तिथली कार्डांची सूची दाखवतो, आणि प्रत्येक नागरिकाचीही अशीच नोंद असती तर गुन्हेगार किती चटकन सापडला असता असे स्वप्न रंगवतो. हूव्हरने १९१३ ते १९१७ या काळात त्या ग्रंथालयात खरोखरच नोकरी केली होती. १९१९ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याच्याकडे ‘जहालां’विषयीचा विभाग आला आणि त्याने उभारलेली नोंदपत्रे थोड्याच काळात लाखोंच्या घरात गेली. डिसेंबर १९१९ मध्ये एमा गोल्डमन, अलेक्झांडर बर्कमन यांच्यासह २४९ जणांना घेऊन ‘बुफोर्ड’ जहाज निघाले, त्या हद्दपारीची तयारी याच नोंदपत्रांनी केली. पुस्तकांच्या वर्गीकरणाचे तंत्र माणसांना लावणे हा आधुनिक राज्यसत्तेचा एक मूलभूत क्षण आहे. चित्रपटाला तो गवसला होता. पण पुढच्याच क्षणी हूव्हर गुडघ्यावर बसतो, लग्नाची मागणी घालतो, नकार मिळतो, आणि सूचीची कपाटे एका फसलेल्या प्रणयाची पार्श्वभूमी होऊन जातात.

ब्यूरो हे केवळ माहिती साठवणारे कार्यालय नव्हते; ते लेखन करणारे कार्यालय होते. हूव्हरच्या नावाने १९५८ साली प्रसिद्ध झालेले कम्युनिझमविरोधी पुस्तक त्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिले होते. ब्यूरोची प्रतिमा सांभाळण्यासाठी स्वतंत्र विभाग होता. १९५९ चा ‘द एफ. बी. आय. स्टोरी’ हा चित्रपट आणि १९६५ ते १९७४ पर्यंत चाललेली दूरचित्रवाणी मालिका यांच्यावर ब्यूरोची नजर होती. म्हणजे ‘हूव्हर’ हा या संहितांचा लेखक नसून त्यांचे एक पात्र होता. ईस्टवुड यांच्या चौकटीत मात्र हूव्हर बोलतो आणि कार्यालय फक्त टंकलिखित करते. येथे कार्यालय माणूस लिहीत होते हे वास्तव, आणि माणूस कार्यालय लिहितो हा चरित्रपटाचा रोमँटिक भ्रम. लेखकाच्या मृत्यूची चर्चा ज्या अभ्यासवर्गांत वर्षानुवर्षे चालते त्यांनी हा भ्रम निवेदनकौशल्य म्हणून स्वीकारावा, हे आश्चर्य आहे.

या कार्यालयाने संहिताशास्त्रालाही कोड्यात टाकणारे प्रकार निर्माण केले. बेकायदा घरफोड्यांच्या मंजुरीची टिपणे १९४२ पासून ‘फाईल करू नये’ अशा शेऱ्यानिशी लिहिली जात, म्हणजे मध्यवर्ती नोंदीत त्यांना क्रमांकच मिळत नसे. स्वतःचे दस्तऐवजपण नाकारणारा हा दस्तऐवज होता. राजवाड्यांपासून मराठी इतिहासलेखनाने बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ मानला आणि दफ्तरांच्या शोधात पिढ्या खर्ची घातल्या. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हूव्हरचे दफ्तर एक वेगळाच धडा देते: कागद पूर्णपणे अस्सल असून त्यातला मजकूर हत्यार असू शकतो, आणि दफ्तराचा सर्वांत बोलका भाग त्यातली रिकामी जागा असू शकते.

ही रिकामी जागा कोणी केली तेही ठाऊक आहे. हूव्हरच्या मृत्यूनंतर हेलन गँडीने त्याच्या ‘व्यक्तिगत’ फायली आठवडेच्या आठवडे नष्ट केल्या आणि १९७५ साली प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे ती केवळ खाजगी पत्रे होती असे सांगितले. चित्रपटात कागद फाडण्याचे यंत्र फिरते तेव्हा गँडीच्या चेहऱ्यावर निष्ठा असते आणि प्रेक्षकाच्या मनात हळहळ. इतिहासाविरुद्ध केलेला अपराध येथे मूक प्रेमाचे अखेरचे कृत्य होतो. आणि त्या अपराधाने जी पोकळी निर्माण केली, तीच पोकळी चित्रपट आपल्या कल्पित शयनगृहाने भरतो. गँडीने कागद नष्ट केले नसते तर चित्रपटाला इतक्या खात्रीने बोलता आले नसते. पुरावा नाहीसा करणारीच्या कृतीवर उभी असलेली कथा तिच्याविषयी हळहळ व्यक्त करते, यात नवल नाही.

५

शेवटचा आणि सर्वांत प्रतिष्ठित आक्षेप कलाकृतीच्या स्वायत्ततेचा. चित्रपट हा इतिहासाचा प्रबंध नव्हे. कलावंताला निवडीचे स्वातंत्र्य आहे. तपशिलांच्या चुका काढणे हे समीक्षेचे काम नव्हे. चरित्रात्मक आणि ऐतिहासिक कादंबरीच्या वादात मराठी वाचकाने हा युक्तिवाद पुष्कळदा ऐकला आहे, आणि त्यात तथ्यही आहे. प्रत्येक कथन निवड करते. हेडन व्हाइट यांनी तर इतिहासकारही घटनांना कथानकाच्या साच्यात घालतो हे १९७३ सालीच सांगितले. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. साचा निवडला जातो म्हणूनच त्या निवडीचा जाब विचारता येतो. ‘जे. एडगर’वरील आक्षेप त्याने कल्पना केली हा नाही. त्याने शोकात्म प्रेमकथेचा साचा निवडला, आणि त्या साच्यात जे बसत नव्हते ते गाळले, हा आहे.

काय गाळले? १९५६ ते १९७१ या काळात चाललेली ‘कॉइन्टेलप्रो’ मोहीम जवळजवळ संपूर्ण गाळली: राजकीय संघटनांमध्ये फूट पाडणे, खोटी पत्रे पाठवणे, अफवा पेरणे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झालेला एकवीस वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन गाळला. त्याच्या घराचा नकाशा ब्यूरोच्या खबऱ्याने पुरवला होता. ८ मार्च १९७१ ची रात्र गाळली, जेव्हा पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी काही सामान्य नागरिकांनी ब्यूरोच्या कार्यालयात शिरून फायली पळवल्या आणि वृत्तपत्रांकडे पाठवल्या. ‘कॉइन्टेलप्रो’ हा शब्द जगाला प्रथम दिसला तो या कागदांत. ज्यांच्यावर फाईल लिहिली जात होती त्यांनी ती वाचायला घेतली, हा हूव्हरच्या आयुष्यातील खरा कळसाध्याय. त्यापुढे टॉल्सनने काढलेल्या चुका अगदीच घरगुती ठरतात.

हे गाळले नसते तर चित्रपट रूक्ष झाला असता, हे म्हणणेही टिकत नाही. सॅम पोलार्ड यांच्या ‘एमएलके/एफबीआय’ (२०२०) या माहितीपटाने तोच विषय कागदपत्रे, जुनी चित्रफीत आणि अभ्यासकांचे आवाज यांतून मांडला. बोलणाऱ्यांचे चेहरे त्याने अखेरपर्यंत राखून ठेवले. किंग यांच्या पाळतीच्या ध्वनिफिती १९७७ च्या न्यायालयीन आदेशाने २०२७ पर्यंत बंद ठेवण्यात आल्या. त्या उघडल्यावर त्या ऐकाव्यात का, आणि ऐकल्या तर आपण कोणाच्या बाजूला बसून ऐकू, हा प्रश्न तो माहितीपट प्रेक्षकापुढे ठेवतो. गेज यांचे २०२२ चे हूव्हरचरित्र याच दिशेने जाते. २०२३ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात टॉल्सन आहे, आई आहे, एकाकीपण आहे. पण हूव्हर हा व्यवस्थेला वेठीस धरणारा विक्षिप्त नसून दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांना, संसदेला आणि बहुसंख्य जनतेला दीर्घकाळ हवासा वाटलेला अधिकारी होता, हे त्याचे प्रतिपादन. रूझवेल्ट यांनी १९३६ साली त्याला राजकीय गुप्तवार्ता गोळा करण्यास सांगितले. जॉन्सन यांनी १९६४ च्या पक्षअधिवेशनात आपल्याच पक्षातील विरोधकांवर ब्यूरोकरवी पाळत ठेवली. ब्लॅकमेल हा या कथेचा एक धागा आहे. मागणी हा तिचा पट आहे. ब्लॅकमेलच्या कथेत सर्वजण हूव्हरचे बळी ठरतात आणि निर्दोष सुटतात. म्हणून तर ती कथा इतकी लोकप्रिय आहे.

अमेरिकेच्या संसदेने निदान एक गोष्ट ओळखली. १९७६ साली तिने कायद्याने ब्यूरोच्या प्रमुखाची कारकीर्द दहा वर्षांपुरती मर्यादित केली. एखाद्या माणसाच्या बालपणाविषयी त्या कायद्यात अवाक्षर नाही, पदाविषयी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये खुल्या झालेल्या ब्यूरोच्या मुख्यालयाला हूव्हरचे नाव दिले गेले होते. कायदा आणि नामफलक, या दोन्ही संहिता एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याचे काम चरित्रपटाने करायचे होते. ते त्याने केले नाही, म्हणून ते समीक्षेवर येते.

आणि समीक्षेने ते करायचे तर तिला आपल्या हत्यारांची पुन्हा पारख करावी लागेल. निवेदक खोटे बोलतो हे ओळखण्याचा आनंद मोठा असतो. विद्यार्थ्याला तो पहिल्यांदा मिळतो तेव्हा संहिता आपल्या हाती आली असे वाटते. परंतु खोटे उघड करणारी संहिता त्या उघडकीच्या आड दुसरे काही झाकत असेल, तर तो आनंदच तिचे साधन होतो. हूव्हरच्या फाईलचा वाचकही असाच आनंद घेत असे: माणसाचे सोंग आपल्याला कळले, त्याचे खरे रूप आपल्या हाती आले. तो वाचक फाईलवर सही करून ती पुढच्या टेबलाकडे पाठवीत असे, आणि त्या सहीने कोणाची नोकरी जाणार, कोणाच्या दारावर पहाटे थाप पडणार, हे फाईलमध्ये लिहिलेले नसे. ‘जे. एडगर’ पाहून हळहळत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकालाही ते कोणी सांगितलेले नसते.